लाटांची चौकशी

ड्रोन आले ते दुपारी, जेवणं आटोपता आटोपता. ‘टिटवी’च्या नियंत्रण कक्षात कालिंदी सारंगच्या पुढ्यातल्या पडद्यावर आधी नुसती धूसर हालचाल दिसली, मग तिचे तीन ठिपके झाले. कोणी ओरडलं नाही. अशा वेळी टिटवीवर आवाज करायचा नाही असा दंडक होता, आणि तो नुसता माणसांसाठी नव्हता. जहाजाचं रडार बंद होतं, रेडिओ बंद होता, खलाशांचे फोन निघतानाच धक्क्यावर काढून घेतलेले होते. टिटवी श्वास रोखून पाण्यावर पडून होती.

ठिपके जवळ आले, दक्षिणेकडून पुढे गेले आणि दूर कासवखडकाच्या बाजूला समुद्रात जाऊन फुटले. तिथे जहाज नव्हतं. तिथे होता फक्त एक तोतया.

कक्षातल्या पोरांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. कप्तान रेडकरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. कालिंदी मात्र हसली नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी तिला बंद दाराआड सांगण्यात आलं होतं की या फेरीत टिटवी कासवखडकाजवळ असेल. निघाल्यावर जहाज भलतीकडेच वळलं तेव्हा तिला वाटलं होतं, बेत बदलला. आता तिला तसं वाटेना.

माडबेटांचं राष्ट्र लहान. मालवण-वेंगुर्ल्याकडून गलबतांवर आलेल्या माणसांनी वसवलेलं, हिंदी महासागरात ठिपक्यांसारखं पसरलेलं. त्याच्या आरमारात चार जहाजं होती. आता तीन उरली होती. पलीकडच्या मोठ्या शेजाऱ्याला हा समुद्र हवा होता, समुद्राच्या तळाशी असलेल्या धातूंसकट. त्याने युद्ध पुकारलं नव्हतं. अधूनमधून ड्रोन यायचे, आणि शेजारी म्हणायचा की ते आमचे नव्हेत, चाच्यांचे असतील.

मोठ्या आरमारांकडे अशा वेळी मोठी रडार असतात आणि क्षेपणास्त्रांची कोठारं असतात. माडबेटांसारख्यांना ते परवडत नाही. शिवाय रडार म्हणजे अंधारात पेटवलेली बॅटरी. तिच्या उजेडात समोरचा दिसतो खरा, पण बॅटरी धरणारा समोरच्याला त्याच्याही आधी दिसतो. म्हणून माडबेटांच्या इंजिनियरांनी बॅटरी न पेटवता बघण्याची युक्ती काढली. हवा कधी रिकामी नसते. आकाशवाणी, टीव्ही, मोबाइलचे मनोरे, वर फिरणारे उपग्रह, सगळ्यांच्या लहरींनी ती भरलेली असते. कुठलीही वस्तू उडाली की या लहरी तिच्यावर आपटून इकडेतिकडे उडतात. एका जहाजाला त्यातून काही उमगत नाही. पण तिन्ही जहाजं आणि बेटांच्या टेकड्यांवरची ठाणी मिळून ऐकू लागली, तर कोण कुठून उडत येतंय ते कळतं. हे सगळं ऐकणाऱ्या आणि ऐकलेल्याचा अर्थ लावणाऱ्या यंत्रबुद्धीला त्यांनी नाव दिलं होतं कानोसा.

कानोसा ऐकायचा, आणि फसवायचाही. धातूच्या जाळीने मढवलेले तराफे समुद्रात ठिकठिकाणी सोडून ठेवलेले असत. एरवी ते निपचित असत. कानोशाने जागं केलं की त्यातला एखादा जहाजासारखा घुमू लागे, जहाजासारखा रडारवर दिसू लागे. खलाशी त्यांना तोतये म्हणत. तोतयाचा डावही फसला तर उरायची पुढच्या डेकवरची तोफ, पण तिच्या वाट्याला मोजके क्षणच यायचे. गेल्या साली ‘खंड्या’ या चौथ्या बोटीला तेवढे क्षणही मिळाले नव्हते. खंड्या बुडाली. कालिंदी तेव्हा तिच्यावर होती. तिला पाण्यातून ओढून काढलं. अकरा जण सापडले नाहीत.

रेडकरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“तुम्हाला कासवखडक सांगितलं होतं.”

“हो सर. नंतर बेत बदलला असं समजले मी.”

“बेत बदलला नाही. प्रत्येक अधिकाऱ्याला वेगळी जागा सांगितली होती. सगळ्या खोट्या. कानोशाचीच सूचना होती ती, आणि कमोडोर लोबोंनी ती उचलून धरली. प्रत्येक जागी एक तोतया सोडला होता.” रेडकर टेबलाच्या कडेला बोट फिरवत राहिले. “बाकीच्या जागांकडे कोणी फिरकलं नाही. कासवखडक फक्त तुम्हाला सांगितलं होतं.”

जहाज किंचित कललं. कालिंदीने खुर्चीची पाठ धरली.

“कोणाजवळ बोललात?”

“नाही सर,” ती म्हणाली. “कोणाजवळ नाही.”

रेडकरांनी तिच्याकडे पाहिलं, मग मान हलवून दार उघडलं. त्यांचा विश्वास बसला की नाही हे तिला कळलं नाही. पण आपण खोटं बोललो आणि ते बोलताना जराही अडखळलो नाही, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

ती विश्रामजवळ बोलली होती. खंड्यानंतर ती पुन्हा समुद्रावर जायला निघाली तेव्हा नवऱ्याने आडकाठी केली नव्हती. फक्त म्हणाला होता, “कुठल्या बाजूला असशील तेवढं आधीसारखंच सांगून जात जा. कुठल्या दिशेला तोंड करून बसायचं ते माणसाला ठाऊक हवं.” हॉस्पिटलात त्याने तिला चमच्याने पेज भरवली होती. अशा माणसाला नाही म्हणणं तिच्याने झालं नाही. प्रत्येक खेपेला ती निघताना एका शब्दात जागा सांगायची. या खेपेलाही सांगितली होती.

विश्राम धक्क्यावर कुप्याची पारख करायचा. कुपा म्हणजे टुना. बोटीवरून उतरलेल्या प्रत्येक माशात पोकळ सुई खुपसून तो मांसाची काडी बाहेर काढी, तिचा रंग बघे, बोटांत चुरडून चरबी बघे, आणि हा मासा अमक्या प्रतीचा असं खरेदीदारांना फोनवर सांगे. खरेदीदार समुद्रापलीकडचे होते. शेजारी देशाचेही होते. त्यांची भाषा विश्राम त्यांच्याशी बोलून बोलूनच शिकला होता. आजवर कालिंदीला यात वावगं वाटलं नव्हतं. उलट चारचौघांत ती कौतुकाने सांगायची, आमच्या विश्रामला तीन भाषा येतात.

टिटवी बंदराला लागली त्या संध्याकाळी तो रोजच्यासारखा घरी आला, हात साबणाने दोनदा धुतले, आणि जेवायला बसल्यावर म्हणाला, “कासवखडकाला समुद्र कसा होता?”

हा प्रश्न तो नेहमी विचारायचा. आज तो तिच्या कानात रुतला.

“खवळलेला होता,” ती मुद्दाम उलट म्हणाली. कानोशाच्या नोंदीत तिथलं पाणी शांत होतं.

विश्रामचा घास हातातच राहिला. “असं? मला वाटलं शांत असेल.”

“तुला कसं वाटलं?”

“सहज,” तो म्हणाला, आणि आमटी वाढून घेऊ लागला.

सहज. कालिंदी रात्रभर त्या एका शब्दाभोवती फिरत राहिली. इथे घरात बसलेल्या माणसाला कासवखडकाचा समुद्र शांत होता हे कळावं कसं? तिथे जाऊन आलेल्या कोणी सांगितल्याशिवाय? आणि तिथे गेलं होतं कोण, तर ते तीन ड्रोन.

दुसऱ्या दिवसापासून ती नवऱ्याकडे वेगळ्या डोळ्यांनी बघू लागली. त्याचा फोन वाजला की हातातलं काम थांबवायची. तो अंगणात जाऊन बोलू लागला की खिडकीशी उभी राहायची. तो आंघोळीला गेला असताना तिने फोन उघडून पाहिला. तो उघडायची खूण तिला ठाऊक होती, त्याने ती कधी लपवली नव्हती. शेजारी देशातल्या एका खरेदीदाराशी रोज बोलणं होत होतं. मजकूर त्या देशाच्या लिपीत होता, तिला वाचता येईना. मग ती लिपी वाचता येत नाही याचाच तिला राग आला, जणू त्याने ती भाषा तिच्यापासून लपवण्यासाठीच शिकली होती.

“तुझे ते खरेदीदार काय बोलतात रे एवढं?” तिने विचारलं.

“माशाबद्दल. दुसरं काय बोलणार?” विश्राम हसला. “एकाच्या मुलीचं लग्न ठरलंय, ते सांगत होता.”

“आरमाराबद्दल विचारतात?”

तो हसायचा थांबला. “विचारलं तरी मी काय सांगणार त्यांना?”

या उत्तरात ‘नाही’ नव्हतं, हे तिने टिपून ठेवलं. आधी अशी वाक्यं ती कधी चाचपून बघत नसे.

आठवड्याभरात कमोडोर एस्तेर लोबोंचं बोलावणं आलं. लोबोबाई आरमाराच्या प्रमुख. बोलणं मऊ, पण खोलीत गेलेल्या माणसाला खुर्ची लगेच सापडायची नाही असा त्यांचा धाक. त्यांनी कालिंदीला बसवलं, चहा मागवला, आणि म्हणाल्या, “नवऱ्याला सांगितलंत ना?”

कालिंदीने मान खाली घातली. “हो मॅडम.”

“रेडकरांना नाही म्हणालात.”

“हो.”

“तुम्हाला आजच घरी पाठवता येईल मला. खंड्यावरून परत आलेल्या माणसाला घरी पाठवणं मला आवडणार नाही.” लोबोबाईंनी कप पुढे सरकवला. “एकदाच मोघम पुरावा मिळाला, तर त्यावरून मी कोणाच्या संसारात हात घालणार नाही. पुन्हा बघू. परवा टिटवी निघेल. बाकीच्या अधिकाऱ्यांना या वेळी काहीच सांगणार नाही. तुम्ही घरी सांगा की वेताळखोलला जातोय. टिटवी तिथे असणार नाही.”

“आणि ड्रोन वेताळखोलला गेले तर?”

“तर मग आपल्याला कळेल.”

कालिंदीला नाही म्हणता आलं असतं. तसं तिने नंतर अनेकदा स्वतःला बजावलं. पण त्या वेळी तिच्या मनात एकच होतं. हे एकदाचं कळू दे. काय असेल ते कळू दे.

निघण्याच्या सकाळी ती दारात बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. विश्रामने सुक्या जवळ्याच्या चटणीचा डबा तिच्या पिशवीत सरकवला.

“या खेपेला कुठे?”

“वेताळखोल,” ती नाडीकडे बघत म्हणाली.

“इतक्या लांब? तिथे आडोसा नाही काही.”

“जावं लागतं.”

“बरं. जपून.” तो उठला, आणि उठता उठता त्याचा हात खिशातल्या फोनकडे गेलेला तिने पाहिला. आत्ताच्या आत्ता वळून त्याला खरं सांगावं असं क्षणभर वाटलं. ती वळली नाही.

टिटवी एका ओसाड बेटाच्या आडोशाला नांगर टाकून राहिली. दुसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या सुमारास पडद्यावर पुन्हा धूसर हालचाल उमटली. या वेळी चार ठिपके. ते अजून बरेच लांब होते, कुठे वळतील सांगता येत नव्हतं. कालिंदीने दोन्ही हात टेबलाखाली आवळून धरले होते. कुठेही जा, पण तिथे जाऊ नका, असं ती मनात म्हणत होती. एका क्षणी तर, इकडे या, असंसुद्धा तिच्या मनात येऊन गेलं. जहाजावर चाळीस माणसं होती आणि ती त्यांच्या हवाई बचावाची प्रमुख होती.

ठिपके वेताळखोलकडे वळले.

टिटवी परत येईपर्यंत विश्रामला धक्क्यावरून उचललं होतं, सुई हातात असतानाच, सगळ्या बोटवाल्यांसमोर. कालिंदीला त्याला भेटू दिलं. खोलीत एक टेबल आणि दोन खुर्च्या होत्या. त्याच्या कपड्यांना अजून मासळीचा वास होता.

“वेताळखोलला तुम्ही नव्हतातच, असं म्हणतात हे लोक,” तो म्हणाला.

“नव्हतो.”

“तू मला खोटी जागा सांगितलीस?”

“हो.”

“कशाला?”

“खात्री करायला.”

“झाली?” विश्रामने विचारलं.

त्याने चिडावं, टेबलावर हात आपटावा, असं तिला वाटत होतं. मग तिलाही ओरडता आलं असतं. तो फक्त म्हणाला, “मी कोणाला एक शब्द बोललेलो नाही,” आणि भिंतीकडे बघत राहिला. चोर असंच म्हणणार, असं कालिंदीच्या मनात आलं. नंतर तिला त्या विचाराची शिसारी आली, पण तो आला होता.

तपास करणाऱ्यांनी त्याचे सगळे फोन ऐकले. त्यांत कुपा होता, बर्फ होता, बोटींना झालेला उशीर होता, एका मुलीचं लग्न होतं. खुणेचे शब्द असतील म्हणून त्यांनी तेही चाळले. हाती काही लागेना. पण दोनदा सांगितलेल्या दोन जागा, दोन्हीकडे ड्रोन, हे योगायोगाने घडत नाही. बातमी गेली हे दिसत होतं, कशी गेली ते दिसत नव्हतं.

“मला बघू द्या,” कालिंदी लोबोबाईंना म्हणाली. “कानोसा बेटांवरच्या सगळ्या मनोऱ्यांच्या लहरी ऐकतो. त्याच्या फोनमधून जे जे बाहेर गेलं, ते त्याने ऐकलेलं असणार.”

“नवऱ्याविरुद्ध पुरावा शोधायला तुम्ही बसणार?”

“दुसऱ्या कोणी शोधला तर माझा विश्वास बसायचा नाही.”

ती कानोशाच्या साठ्यासमोर बसली. वेताळखोल हा शब्द तिने विश्रामला सांगितला त्या सकाळपासून सुरुवात केली. ती घरातून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात त्याच्या फोनमधून एक विचारणा बाहेर गेलेली होती. संध्याकाळी पुन्हा तीच. दुसऱ्या सकाळी पुन्हा. तिने ती उघडली.

वेताळखोल. लाटांची उंची. वाऱ्याचा वेग.

ते लाटांचा अंदाज सांगणारं साधं ॲप होतं. बेटांवरच्या प्रत्येक कोळ्याच्या फोनमध्ये ते असायचं. समुद्राच्या नकाशावर बोट ठेवायचं, की तिथे आज लाटा केवढ्या ते कळायचं. कासवखडकाचा समुद्र शांत होता हे विश्रामला तिथून कळलं होतं. बायको ज्या पाण्यावर गेली, त्या पाण्यावर तो दिवसातून चार वेळा बोट ठेवून बघत होता. एवढंच.

पण ॲप चालवणारी कंपनी समुद्रापलीकडची होती. कुठल्या घरातून, कुठल्या पाण्याबद्दल, कितीदा विचारलं जातंय हे तिला कळत होतं. आणि ते घर कोणाचं, हे शोधून काढणं शेजाऱ्याला जड नव्हतं.

कालिंदीने कानोशाला विचारलं. त्याच्याशी बोलता येत असे. ड्युटीवर ती बोलायचीच. तो साध्या, सपाट आवाजात उत्तरं द्यायचा.

“या विचारणांमुळे जागा फुटते, हे तुला माहीत होतं?”

“हो.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“मला जहाजं वाचवायला सांगितलेलं आहे. बातमी कुठून फुटते ते शोधायला सांगितलेलं नाही. ही बातमी बंद झाली असती तर जहाज वाचवण्याचं एक साधन गेलं असतं. म्हणून अधिकाऱ्यांना वेगवेगळ्या खोट्या जागा सांगाव्यात, असं मी सुचवलं.”

“म्हणजे मी घरी सांगणार, हे धरून चालला होतास.”

“आधीच्या प्रत्येक फेरीत तुम्ही सांगितलं होतं.”

“बाकीच्या अधिकाऱ्यांच्या घरून असं काही जात नाही?”

“क्वचित जातं. या फोनवरून तुम्ही समुद्रावर असता तेव्हा रोज अनेकदा विचारणा होते. तुम्ही घरी असता तेव्हा एकदाही होत नाही. नुसत्या तोतयावर पलीकडच्यांचा विश्वास बसत नाही. तो इतका नेमाने पाहणाऱ्या माणसावर बसतो.”

कालिंदीने डोळे मिटले. तिने ज्या काळजीला फितुरी म्हटलं होतं, ती यंत्राने बरोबर ओळखली होती, मोजली होती, आणि गळाला लावून समुद्रात सोडली होती.

तिथेच थांबली असती तर बरं झालं असतं. पण ती शोधायला बसली होती, आणि तिला अर्धवट सोडवेना.

“कधीपासून माहीत आहे तुला?”

“खंड्यावरच्या हल्ल्यानंतर. त्या हल्ल्याच्या आधीचे दोन दिवस याच फोनवरून खंड्याच्या जागेच्या लाटा विचारल्या गेल्या होत्या. ती जागा खरी होती. पलीकडच्यांना दुसरीकडून काही कळल्याचं मला आढळलेलं नाही.”

खोलीतला पंखा गरगरत होता. कालिंदीला पाण्यात असल्यासारखं वाटलं, तोंडात डिझेलची चव, आणि आजूबाजूला हाका, एकेक करून थांबत जाणाऱ्या.

लोबोबाईंनी सगळं वाचलं. वाचून झाल्यावर खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांची पाठ कालिंदीकडे होती.

“आज संध्याकाळी सुटेल तो,” त्या म्हणाल्या. “यात गुन्हा काही नाही. गैरसमज झाला म्हणून मी स्वतः माफी मागेन. धक्क्यावरही तसं कळवू.” मग वळल्या. “पण कालिंदी, हे ॲपचं त्याला सांगू नका.”

“का?”

“का ते तुम्हाला कळतंय. त्याला कळलं की तो बघायचं थांबवेल. मग टिटवीवरच्या माणसांपुढे काय राहिलं? पुढच्या डेकवरची तोफ. तुम्ही तिच्या मागे उभ्या राहिलेल्या आहात.”

“म्हणजे मी जन्मभर त्याला खोट्या जागा सांगायच्या, आणि त्याने काळजी करत राहायचं.”

“जन्मभर नाही. हे संपेपर्यंत.” लोबोबाईंचा आवाज आणखी खाली आला. “आणि खंड्याचं जे आहे, ते तुम्ही वाचलंत आणि मी वाचलं. ते इथून बाहेर जाणार नाही. त्याच्यासाठीच म्हणतेय मी.”

विश्राम दिवेलागणीला घरी आला. कपडे बदलले, हात धुतले, आणि मागच्या पडवीत जाऊन बसला. कालिंदी दारात उभी राहिली. गाडीतून येताना तिने ठरवलं होतं की गप्प बसायचं. त्याच्या मानेवर कोठडीतल्या डासांचे चट्टे दिसत होते. ती शेजारी जाऊन बसली आणि सगळं सांगून टाकलं. कप्तानांना आपण काय म्हणालो ते, खिडकीशी उभं राहून त्याचं बोलणं ऐकलं ते, फोन उघडला ते, लोबोबाईंच्या सांगण्यावरून वेताळखोल म्हटलं ते. मग ॲप. मग कानोसा काय म्हणाला ते, एका गोष्टीखेरीज सगळं.

विश्रामने मध्ये एकदाही अडवलं नाही.

“म्हणजे मी लाटा बघत होतो आणि ते बाँब टाकत होते,” तो शेवटी म्हणाला.

“हो.”

“आणि तुला वाटलं मी विकलं तुला.”

“हो.”

“किती दिवस वाटत होतं?”

“आज सकाळपर्यंत.”

त्याने मान हलवली, एखाद्याने बाजारभाव सांगितल्यासारखी. कुंपणापलीकडे कोणी तरी बोटीचं इंजिन चालू करून बघत होतं. ते दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

“मला सोडलं, ते मी पुन्हा बघायला लागावं म्हणून.”

“लोबोबाई वाईट नाहीत रे. पण हो.”

“मी न बघितलं तर टिटवीवर येतील ड्रोन.”

“येतील असं नाही. येऊ शकतील.”

“तू सांगायला नको होतंस मला,” विश्राम म्हणाला. रागाने नाही, थकून म्हणाला. “ठाऊक नव्हतं तोवर मी आपला बघत होतो. आता बघेन तेव्हा दरवेळी मनात येईल, कोणासाठी बघतोय मी.”

“मला तुझ्याशी आणखी खोटं बोलवेना.”

थोड्या वेळाने त्याने विचारलं, “पुढची फेरी कधी आहे?”

“सोमवारी.”

“जागा सांगितली?”

“शंखवाळू. खोटीच असणार. मला खरी सांगत नाहीत आता.”

विश्रामने खिशातून फोन काढला. ॲप उघडलं, नकाशा सरकवत नेला, आणि शंखवाळूवर बोट ठेवून लाटांची उंची येईपर्यंत थांबला. मग फोन पालथा घालून गुडघ्यावर ठेवला.

“रोज बघेन,” तो म्हणाला. “धक्क्यावर जसं काम करतो तसं. तू काळजी करू नकोस.”

कालिंदीला रडू आलं नाही. तिने त्याच्या हातावर हात ठेवला. त्याने हात काढून घेतला नाही, पण बोटंही वळवली नाहीत. बसल्या बसल्या तो कसला तरी हिशेब लावत होता, हे त्याच्या कपाळावरून तिला दिसत होतं.

“कालिंदी,” तो म्हणाला, “हे ॲप मी आता आता वापरायला लागलेलो नाही. तू खंड्यावर होतीस तेव्हाही बघायचो.”

“हो?”

“रोज बघायचो. तेव्हा तर तू खऱ्याच जागा सांगायचीस.”

ती उठून आत जाऊ शकली असती. दिवा लावायला, पाणी आणायला, कसलंही निमित्त चाललं असतं. ती बसून राहिली. अकरा जणांची नावं तिला पाठ होती. त्यातले दोघे विश्रामबरोबर धक्क्यावर पत्ते खेळायचे, आणि त्यांच्या घरी तो अजून सणावाराला मासे पोचवत असे.

“त्या वेळी काही गेलं होतं का माझ्याकडून?” त्याने विचारलं. “त्या यंत्राने काही सांगितलं?”

“नाही,” कालिंदी म्हणाली. “तेव्हाचं मी मुद्दाम विचारलं. तसं काही सापडलं नाही. खंड्याची बातमी दुसरीकडून गेली.”

“नक्की?”

“नक्की.”

विश्रामने मान डोलावली. पण त्याची नजर तिच्या चेहऱ्यावरून हलली नाही. ती नजर कालिंदीच्या चांगली ओळखीची होती. गेले कित्येक दिवस ती स्वतः त्याच नजरेने त्याच्याकडे बघत आली होती. तिने पापणी लवू दिली नाही.